हुंडणावळ कोणाच्या बाजूची?

(द्वितीय वर्ष, कला)

वक्तृत्व स्पर्धा असो, निवडणुकीची सभा असो की एस.टी.तल्या गप्पा असोत, एक वाक्य आपल्याला हमखास ऐकू येते : "१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आणि आज पाहा रुपयाची काय दशा झाली!" या वाक्याला टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणाऱ्यांमध्ये अर्थशास्त्र हा विषय घेतलेली मंडळीही असतात. वस्तुतः हे वाक्य खरे नाही. १९४७ साली रुपयाची गाठ डॉलरशी नव्हे, तर इंग्लंडच्या पौंडाशी बांधलेली होती. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स असा तो दर होता. वीस शिलिंगांचा एक पौंड आणि बारा पेन्सांचा एक शिलिंग हा हिशोब धरला तर पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. त्या वेळी एका पौंडाला चार डॉलरच्या थोडे वर मिळत. म्हणजे एका डॉलरला सुमारे ३ रुपये ३० पैसे होतात. साधा भागाकार आहे. पण भागाकार करण्यापेक्षा टाळी वाजविणे सोपे असते.

या चुकीच्या आकड्याबद्दल माझी तक्रार फार मोठी नाही. माझी खरी तक्रार त्या वाक्यामागच्या समजुतीबद्दल आहे. ती समजूत अशी की, रुपयाचा दर म्हणजे देशाची उंची मोजण्याची पट्टी आहे. दर चढला की देश मोठा आणि उतरला की देश लहान! तसे असते तर जपानची गणना दरिद्री देशांत करावी लागली असती. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत, आणि नेमक्या त्याच काळात जपान उद्योगधंद्यांत वर आला. उलट, कुवेतचा एक दिनार तीन डॉलरहून अधिक किमतीचा आहे, म्हणून कुवेत अमेरिकेहून बलाढ्य आहे असे कोणी म्हणत नाही. मग हा दर आपल्याला नेमके काय सांगतो? माझे मत असे आहे की तो देशाची उंची सांगत नाही, तो वाटणी सांगतो. दर बदलला की कोणाच्या तरी पदरात काही पडते आणि कोणाच्या तरी पदरातून काही जाते. ते कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आपल्या खानदेशाला नवा नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या भाषेत यासाठी चांगले शब्द होते. एका ठिकाणचे नाणे दुसऱ्या ठिकाणी चालवायचे तर 'बट्टा' द्यावा लागे, आणि हुंडीच्या व्यवहारात जो दर पडे त्याला 'हुंडणावळ' म्हणत. आज पाठ्यपुस्तकात 'विनिमय दर' असा जड शब्द आहे, म्हणून तो विषय मुंबई-लंडनचा वाटतो. पण अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पूर्वी निजामाचे राज्य लागे आणि तेथे 'हाली शिक्का' रुपया चाले. इकडचा इंग्रजी रुपया तिकडे 'कलदार' म्हणून ओळखला जाई. सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे साधारण ११६-११७ हालींना १०० कलदार, असा तो व्यवहार होता. हैदराबाद भारतात आल्यानंतरही काही वर्षे हाली शिक्का चालत होता. १९५९ साली तो कायमचा बंद झाला. डोंगराच्या दोन बाजूंना दोन रुपये, आणि गुरे-धान्य घेऊन ये-जा करणाऱ्या माणसाला मधला बट्टा तोंडपाठ! तेव्हा हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, ही भीती प्रथम सोडून द्यावी.

आता पौंडाकडे वळू. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. १८३५ साली कंपनी सरकारने एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया सर्वत्र लागू केला. पौंड सोन्याचा आणि रुपया चांदीचा. चांदीचा भाव स्थिर होता तोपर्यंत रुपयाला साधारण दोन शिलिंग, म्हणजे पौंडाला दहा रुपये, हा दर चालला. याच काळात, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेही खानदेशात पोचली. तेव्हापासून आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाची किंमत लिव्हरपूलच्या बाजारात पेन्सांत ठरू लागली आणि शेतकऱ्याच्या हातात ती रुपयांत पडू लागली. पेन्स आणि रुपये यांच्या मध्ये हुंडणावळ उभी होती. शेतकऱ्याने तिचे नावही ऐकले नव्हते, पण तिने शेतकऱ्याचे घर पाहिले होते.

१८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, इतर देश त्या वाटेने गेले आणि चांदी स्वस्त होत गेली. चांदीबरोबर रुपयाही उतरला. १८९२-९३ साली तो १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. यात त्रास कोणाला झाला? सर्वांत मोठा त्रास सरकारला झाला. कारण हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत पैसा पाठवावा लागे. त्यात निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले व्याज, कर्जाचे व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च असे सर्व काही होते. १८९२-९३ साली असे सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठविण्यास सुमारे २६ कोटी ४८ लाख रुपये लागले. वीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १८७३-७४ च्या दराने तेवढ्याच पौंडांना पावणेअठरा कोटी पुरले असते. मधले पावणेनऊ कोटी कोठून यायचे? रयतेकडूनच. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, त्याच्या कारणांत हुंडणावळीचा तोटाही होता. दुसरा त्रास गोऱ्या अधिकाऱ्यांना झाला. पगार रुपयांत आणि मुलांच्या शाळेची फी विलायतेत! त्यांच्यासाठी १८९३ साली खास नुकसानभरपाई भत्ता मंजूर झाला. हुंडणावळीने नुकसान होते हे सरकारला उत्तम ठाऊक होते. भरपाई कोणाला द्यायची, तेवढे ठरलेले होते.

त्याच वर्षी, २६ जून १८९३ रोजी, सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. माझ्या मते खानदेशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही तारीख माहीत असावी. त्या दिवसापर्यंत कोणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी नेऊन थोडीशी घडणावळ देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. म्हणजे बायकांच्या अंगावरची चांदी, कडी, वाळे, कमरपट्टा, हे सर्व जवळजवळ रुपयांच्याच भावाचे होते. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया कृत्रिमपणे महाग झाला आणि चांदी मात्र स्वस्त होत राहिली. १८९९ साली सरकारने दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, असा धरला. त्या वेळी रुपयाच्या नाण्यात जी चांदी होती तिची बाजारातली किंमत साधारण दहा आणे होती. आणि १८९९-१९०० साली काय झाले? छप्पनचा दुष्काळ पडला! खानदेशात त्याने हाहाकार उडविला. दुष्काळात माणूस काय विकतो? आधी गुरे, मग अंगावरची चांदी. सारा रुपयांत भरायचा, धान्य रुपयांत घ्यायचे, आणि हातात जी चांदी आहे तिच्या तोळ्याला सोळा आण्यांऐवजी दहा-अकरा आणे! पिढ्यान् पिढ्या जपलेल्या ठेव्याचा तिसरा हिस्सा कोणी दरोडा न घालता नाहीसा झाला.

नामदार गोखले यांनी हे वर्म ओळखले होते. १९०२ साली कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या आपल्या पहिल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकेचा बुरखा फाडला. सरकार म्हणे, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश भरभराटीत आहे. गोखल्यांचे उत्तर असे की, ही शिलक भरभराटीची नाही, चलनाची आहे. रुपया १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर चढविला, त्यामुळे विलायतेला पाठवायचे रुपये वाचले. पण कर मात्र पूर्वीइतकेच राहिले. दर चढला त्याचा फायदा तिजोरीला, आणि भार रयतेला. दुष्काळाने मोडलेल्या देशात सरकारकडे शिल्लक कशी, या कोड्याचे उत्तर हुंडणावळीत होते.

यानंतरचे पाव शतक धरसोडीचे गेले. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि १९१९ च्या अखेरीस रुपया २ शिलिंग ४ पेन्सांवर चढला. १९२० साली सरकारने दोन शिलिंगांचा दर कायद्याने ठरविला. तो सांभाळताना कोट्यवधी रुपये गेले, तरी दर टिकला नाही. मग १९२५ साली हिल्टन यंग आयोग नेमला गेला. आयोगापुढे मुख्य वाद होता : रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्सांवर? फरक दोन पेन्सांचा! आजच्या वाचकाला हसू येईल. पण हिशोब करून पाहा. एका शेतकऱ्याच्या कापसाला लिव्हरपूलच्या भावाने दहा पौंड येतात असे धरू. सोळा पेन्सांच्या दराने त्याचे १५० रुपये होतात. अठरा पेन्सांच्या दराने १३३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे शेत तेच, कापूस तोच, पाऊस तोच, आणि पावणेसतरा रुपये कमी. सारा कमी झालेला नाही, सावकाराचे व्याज कमी झालेले नाही. उलट विलायतेचे कापड मात्र तेवढेच स्वस्त होऊन गावच्या बाजारात येणार. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्नमत नोंदवून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. सरकारने अठरा पेन्स घेतले, आणि १९२७ साली थोड्या मतांच्या फरकाने तसा कायदा झाला.

येथवर गोष्ट सरळ दिसते : महाग रुपया वाईट, स्वस्त रुपया चांगला. पुष्कळ राष्ट्रीय वृत्तीचे लोक तेव्हा असेच म्हणत होते. पण या वादात एका माणसाने एक निराळा प्रश्न विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगायचे तर असे : हुंडणावळ उतरली की देशात भाव चढतात. निर्यात करणाऱ्याला जे अधिक मिळते, ते परदेशातून येत नाही. ते देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येते. कारण भाव पळतात आणि मजुरी त्यांच्या मागून रांगत येते. म्हणून रुपयाची परदेशातली किंमत स्थिर ठेवण्याआधी त्याची देशातली किंमत, म्हणजे मजुराच्या हातातल्या रुपयाला किती ज्वारी मिळते ही किंमत, स्थिर ठेवा. गिरणीमालक, व्यापारी आणि सरकार यांच्या भांडणात त्यांनी मजुराला साक्षीला उभे केले.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाची आठवण म्हणून हजारो लोक जमतात. तेथे जाणाऱ्यांनाही त्यांचे हे काम फारसे माहीत नसते. आपल्या महाविद्यालयांत तर घटनाकार आंबेडकर शिकविले जातात आणि अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर परीक्षेच्या टीपेपुरते उरतात. हे बदलले पाहिजे असे मला वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण केवळ आदर हे नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न आजही माझ्या घरात जसाच्या तसा उभा आहे, हे कारण आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. बोरीकाठी आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील त्यात कापूस लावतात. आई स्वतःच्या शेतातले काम आटोपून दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते आणि तिला वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे एका चुलीभोवती दोन वर्ग बसतात. रुपया उतरल्याची बातमी आली तेव्हा वडील सहज म्हणाले, "रुपया पडना म्हने, पन आपलं काय गयं?" मी वही घेऊन बसले. कापसाचा भाव आज लिव्हरपूलऐवजी न्यूयॉर्कमध्ये ठरतो, सेंटांत ठरतो, पण गणित तेच. डॉलर महाग झाला की परदेशी कापूस इथल्या गिरणीला महाग पडतो आणि आमच्या कापसाला भाव मिळायला वाव होतो. हे वडिलांच्या बाजूचे. पण तो वाव प्रत्यक्ष मिळेलच असे नाही. २०२५ च्या ऑगस्टात सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठविले आणि पुढे त्या वर्षअखेरपर्यंत ते उठविलेलेच ठेवले. रुपयाने एका हाताने जे देऊ केले ते शुल्काने दुसऱ्या हाताने काढून घेतले. नेमका तो आमच्याकडे कापूस घरात येण्याचा काळ!

आता आईच्या बाजूचे पाहा. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते त्यातले शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग बाहेरून येतात. डॉलर महागला की फोडणीचे तेल महागते, गावाहून तालुक्याला जाणाऱ्या गाडीचे भाडे वाढते. वेचणीचा दर मात्र हंगामाच्या सुरुवातीला ठरतो तो ठरतो. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेब जे सांगत होते ते मी पुस्तकात वाचण्याआधी आईच्या हातातल्या पैशात पाहिले होते. वडिलांच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे : "तुमचं कदाचित काही येईल, आईचं नक्की जाईल."

आमच्याहून मोठ्या शेतकऱ्यांचेही असेच आहे. रावेर-यावल भागातली केळी आज आखाती देशांत जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ठराविक दराने बांधलेला आहे; त्यामुळे डॉलर चढला की दिरहमात माल विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात. पण केळीला पालाश भरपूर लागते, आणि पालाशयुक्त खत, ज्याला आपण पोटॅश म्हणतो, ते देशाला जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते. घड विकताना जे मिळाले त्यातला काही भाग गोणी घेताना परत जातो. आणि जळगावच्या सराफ बाजारात रोज फलकावर लिहिला जाणारा सोन्याचा भाव? तोही परदेशातला डॉलरचा भाव, डॉलरचा रुपयातला दर आणि आयात शुल्क या तिघांचा मिळून बनतो. मुलीच्या लग्नासाठी दोन तोळे जमविणारा बाप त्या फलकासमोर उभा राहतो, तेव्हा तो न्यूयॉर्क, लंडन आणि दिल्ली या तिघांसमोर उभा असतो.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण टाळ्यांचे वाक्य तेथूनच निघाले आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, भारतानेही रुपया तेवढाच उतरविला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांना झाला. पाकिस्तानने आपला रुपया उतरविण्यास नकार दिला. एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा दर झाला. भारताने तो मानला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच असलेल्या देशात व्यापार ठप्प झाला; सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांना आणि पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याला मिळेना. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला तेव्हा कोंडी फुटली. कोरियाच्या युद्धामुळे ताग-कापसाचे भाव चढले म्हणून पाकिस्तानला तो दर काही काळ झेपला. १९५५ साली त्यांनाही रुपया उतरवावा लागला. दोघांनीही दराला अब्रूचा प्रश्न केला, आणि झळ मात्र गिरणी कामगाराला व तागाच्या शेतकऱ्याला लागली.

पुढे १९६५ चे युद्ध, लागोपाठचे अवर्षण, अमेरिकेहून येणारा गहू, थांबलेली मदत, या सर्वांच्या दडपणाखाली ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला. त्याच वेळी ताग, चहा यांसारख्या मालावर निर्यात कर बसविला गेला. म्हणजे उतरलेल्या दराचा फायदा उत्पादकाकडे पूर्ण जाऊ दिला नाही. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकण्याची पाळी आली. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपया दोनदा उतरविला आणि २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला. १९९३ पासून दर बाजारावर सोपविला. २०२२ च्या ऑक्टोबरात डॉलरने ८३ रुपये ओलांडले आणि २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीही पार केली. या घसरणीत मोठा भाग आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचा आहे. तेव्हा लाज वाटायची तर ती नव्वदच्या आकड्याची वाटू नये. मजुरी महागाईच्या मागे का राहते, याची वाटावी.

मित्रहो, ज्यांच्या नावाने आज आपले विद्यापीठ ओळखले जाते त्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालचा, मृत्यू १९५१ सालचा. त्यांच्या जन्माच्या वेळी पौंडाला १२ रुपये पडत, चौदाव्या-पंधराव्या वर्षी १८ च्या वर, १८९९ साली १५, १९१९ च्या अखेरीस साडेआठच्या आसपास, आणि १९२७ पासून शेवटपर्यंत १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतात राबणाऱ्या या माउलीने पौंड कधी हातात धरला नसेल. पण त्या पिढीच्या प्रत्येक घरात आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया या आकड्यांनी कमी-जास्त केला होता. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि सारा, खंड व कर्ज यांचा भार हलका करण्याची मागणी झाली, त्यामागेही हेच होते : मालाचे भाव कोसळले होते आणि देणी मात्र जुन्या रुपयांत होती. १९३१ नंतर देशातून तीनशे कोटींहून अधिक रुपयांचे सोने बाहेर गेले. त्यात अडचणीने विकलेले दागिने किती होते, कोणाचे होते, हे कोठे लिहिले आहे?

कदाचित लिहिलेले आहे. वि. का. राजवाडे यांनी घरोघर फिरून दप्तरे गोळा केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर आजही धुळ्यात आहे. त्यांनी सरदार-इनामदारांचे कागद वाचविले. आपल्या शेतकरी, अडते, सराफ आणि जिनवाल्यांच्या घरांतल्या चोपड्या, खतावण्या, सौदेपावत्या, गहाणखते मात्र दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीत जातात. माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे की, इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन विभागांनी मिळून त्या गोळा करण्याचे काम हाती घ्यावे. इतिहासाच्या तासाला १८९३ चा उल्लेख होत नाही आणि अर्थशास्त्राच्या तासाला सूत्राखेरीज काही होत नाही. दोन्ही वर्ग एकाच भिंतीला लागून आहेत. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा येथून येणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने एक चोपडी आणली तरी छप्पनच्या सालात एक तोळा चांदीला प्रत्यक्षात किती आणे मिळाले, १९२७ च्या आधी व नंतर कापसाच्या खंडीला काय भाव पडला, हे आपण आपल्याच कागदांवरून सांगू शकू. कोणी म्हणेल, याने परीक्षेत गुण मिळणार नाहीत. नसतील मिळत. पण टाळ्यांच्या वाक्याला उभे राहून उत्तर देता येईल.

१८९३ साली, १९२७ साली, १९६६ साली जेव्हा जेव्हा दर ठरले, तेव्हा कापसाच्या गाडीवर बसलेल्या माणसाला आणि कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही. त्यांना तो विषय कळत नाही, असे कारण देता येत होते. आता त्यांची मुले-मुली महाविद्यालयात आली आहेत. निदान आपल्यापुढे तरी ते कारण चालू नये. पुढच्या वेळी रुपया चढल्याची किंवा उतरल्याची बातमी येईल तेव्हा अभिमान किंवा शरम वाटण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : यात कोणाला मिळाले, आणि कोणाचे गेले?